जागा केवढी घ्यावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या सभासद भगिनींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



इथे उभे राहून बोलण्याचा मान खरे म्हणजे शिकल्या-सवरल्या बायकांचा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करायची सवय नाही, आणि आज तर समोर माझी मुलगीही बसली आहे, त्यामुळे चूक झाली तर घरी गेल्यावर ऐकावे लागेल ते वेगळेच! पण अध्यक्षाबाई म्हणाल्या, "तुम्ही आपल्या कामाच्या खोलीचा हिशेब पहिल्यापासून ठेवला आहे, तेव्हा त्याबद्दल तुम्हीच बोलायचे." येत्या सर्वसाधारण सभेत आपल्याला स्टेशनजवळच्या मोठ्या हॉलबद्दल मत द्यायचे आहे. त्याआधी झालेले सगळे एकदा सगळ्यांच्या कानावर जावे असे मलाही वाटत होते, म्हणून उभी राहिले.

ज्या भगिनी अलीकडे सभासद झाल्या त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि आपल्या डोंबिवलीतल्या घराघरांत ऑफिसे येऊन बसली. आमचे घर दोन खोल्यांचे. यजमान बाहेरच्या खोलीत, मुलगा पलंगावर, आणि मुलगी स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर पाट ठेवून त्यावर लॅपटॉप मांडून बसे. तिची मीटिंग सुरू झाली की मी कुकर लावायचा नाही. एकदा विसरून लावला, तर शिटी थेट तिच्या साहेबांनी ऐकली. ते हसले म्हणून निभावले. पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आले ते मी पाहिले. टाळेबंदी उठली तरी आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करण्याची रीत पुष्कळ कंपन्यांत राहिली. मुलींचे लोकलच्या गर्दीतले हाल तेवढे कमी झाले, पण घरात टेबल कुठून आणायचे?

हे दुःख घरोघरीचे होते. आपल्यापैकी एकजण दुकानदारांचे हिशेब लिहिते, एकजण मुलांना संगणकावरून गणित शिकवते, कोणी भाषांतराची कामे करते. प्रत्येकीचे काम जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर, नाहीतर देवघरासमोर. तेव्हा मंडळाने एक सामाईक जागा घ्यावी, तिथे टेबल-खुर्ची, वीज आणि इंटरनेट असावे, आणि जिला गरज असेल तिने महिन्याचे ठरावीक पैसे भरून तिथे बसून आपले काम करावे, अशी कल्पना निघाली. मुली तिला को-वर्किंग म्हणतात. आपण कामाची खोली म्हणतो. मुलांच्या अभ्यासिका आपल्याला ठाऊक आहेतच, तशीच ही मोठ्यांची अभ्यासिका समजा.

मुलीने मला सांगितले की हा प्रकार अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात २००५ साली ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या एका तरुणाने सुरू केला. गंमत अशी की त्याने त्यासाठी जागा घेतली ती स्त्रियांच्या एका संघाची, आणि तीसुद्धा आठवड्यातून दोनच दिवस! पहिला महिनाभर तिथे कोणीही फिरकले नाही. आता विचार करा, त्याने पहिल्याच दिवशी मोठा वाडा भाड्याने घेतला असता तर दुसऱ्या महिन्यात तो राहिला असता का? ही गोष्ट मला आधी ठाऊक असती तर बरे झाले असते. ती कळली आपले हात पोळल्यावर.

आता आपली चूक सांगते. चूक मंडळाची म्हणतात, पण तिचा मोठा वाटा माझा आहे. २०२२ साली जागा घ्यायचे ठरले तेव्हा किती जणी येतील याची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी घरोघर गेले. "खोली काढली तर याल ना?" असे विचारले, आणि ज्या "हो, हो" म्हणाल्या त्यांची नावे वहीत लिहिली. चाळीस नावे झाली. मी ती यादी मोठ्या ऐटीत कार्यकारिणीपुढे ठेवली. चाळीस जणी म्हटल्यावर जागा तशीच हवी. दलालाने सोळाशे फुटांची म्हणून एक जागा दाखवली, आणि आपण ती घेतली. भाडे बत्तीस हजार. वीज, इंटरनेट, झाडलोट मिळून आणखी दहा. महिन्याचे शुल्क आपण दीड हजार ठेवले होते.

चाळीस जणींपैकी पैसे भरले चौदा जणींनी. बाकीच्या खोटे बोलल्या असे मी म्हणणार नाही. विचारायला आलेल्या बाईला दारातच नाही म्हणणे कोणाच्या जिवावर येते! "याल का" असे विचारायचेच नव्हते. "पहिल्या महिन्याचे पाचशे रुपये आज देता का" असे विचारायला हवे होते. ते मी विचारले नाही.

चौदा जणींचे एकवीस हजार येत आणि खर्च बेचाळीस हजार होई. दर महिन्याला एकवीस हजारांचा खड्डा. करारात सहा महिने जागा सोडता येणार नाही अशी अट होती, आणि पुढे दोन महिने आशेवर गेले. आठ महिन्यांत एक लाख अडुसष्ट हजार रुपये गेले. भगिनींनो, हे पैसे म्हणजे आपल्या एकोणीस दिवाळ्यांचा फराळ होता. रात्र-रात्र जागून भाजलेल्या चकल्या आणि कानवल्यांचे ते पैसे. आमच्या खजिनदार वहिनींनी त्या सभेत मला एका शब्दाने दुखावले नाही, पण त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही.

आणि पैसे गेले त्यापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचे वाईट वाटते. ज्या चौदा जणींना टेबलाची सवय झाली होती, त्या खोली बंद झाल्यावर पुन्हा आपापल्या ओट्याशी जाऊन बसल्या. एकीने तर काम सोडूनच दिले. जागा लहान असती तर ती चालू राहिली असती आणि तिचे कामही चालू राहिले असते.

मोठ्या जागेने पैशाखेरीज आणखी एक नुकसान केले. त्या हॉलमध्ये एका वेळी सात-आठ जणी असत. एवढ्या मोठ्या जागेत त्या चार कोपऱ्यांत विखुरलेल्या. नवी बाई दार उघडून डोकावे, तर समोर तीस खुर्च्या रिकाम्या! तिला वाटे, इथे कोणी येत नाही, आपण कशाला यावे? ओस पडलेल्या दुकानात आपण तरी पाऊल टाकतो का? उलट आजच्या खोलीत आठ जणी बसल्या की खोली भरल्यासारखी दिसते आणि नववीला आत यावेसे वाटते.

खोली बंद झाल्यानंतर त्या पावसाळ्यात एका दुपारी मी हजेरीची वही काढली. येण्याची आणि जाण्याची वेळ प्रत्येकीने लिहायची असा नियम मी ठेवला होता, तेवढे एक बरे केले होते. ती वही मी पानापानाने वाचली, आणि वाचता वाचता मला माझी आजी आठवली.

आमच्या गावी लग्न निघाले की मांडव केवढा घालायचा हे आजी सांगे. पाहुणे तीनशे असले तरी ती तीनशे पानांचा मांडव घालू देत नसे. ती विचारी, "एका पंगतीला किती बसणार?" साठ-साठच्या पाच पंगती करायच्या, म्हणजे मांडव साठ पानांचा. त्यात दोन ओळींमध्ये वाढणाऱ्याला वाकून वाढता येईल एवढी वाट सोडायची, आणि हात धुवायला जायची वाट वेगळी. पत्रिका किती वाटल्या यावर मांडव घालणारा माणूस कर्जात जातो, असे ती म्हणायची.

मी पत्रिका मोजल्या होत्या आणि पंगत मोजली नव्हती.

मग मी वहीतून पंगत मोजली. आठ महिन्यांत एका वेळी सर्वांत जास्त बायका होत्या त्या नऊ. तीही दोनदाच. गर्दी सोमवारी आणि शुक्रवारी, कारण ऑफिसे मुलींना बहुतेक मधल्या वारी बोलावतात. सकाळी अकरा ते एक वर्दळ, चार वाजता मुलांच्या शाळा सुटल्या की खोली रिकामी, आणि रात्री सातनंतर परदेशातल्या लोकांशी बोलायचे असते अशा दोघी-तिघी. म्हणजे चौदा सभासदांना नऊ खुर्च्या पुरत होत्या, त्याही सोमवार-शुक्रवारीच. मध्यंतरी पाच-सहाच लागत.

यावरून मी पहिला धडा घेतला तो हा, की सभासद किती यावर जागा ठरवू नये. गर्दीच्या दिवशी, गर्दीच्या तासाला एकदम किती जणी बसतात, त्यावर ठरवावी. आणि ते घरी बसून अंदाजाने कळत नाही. कुठेतरी चार खुर्च्या मांडून, वही ठेवून, दोन-तीन महिने पाहावे लागते.

दुसरा धडा मापाचा. दलाल जे फूट सांगतो ते आणि आपल्या पायाखाली येते ते, यांत फार अंतर असते. त्याच्या मापात भिंती, जिना, व्हरांडा, काय काय धरलेले असते. सोळाशे म्हणून घेतलेली आपली जागा मी नंतर टेप लावून मोजली, तर आतली जमीन भरली एक हजार ऐंशी फूट! यालाच चटई क्षेत्र म्हणतात, म्हणजे जिथे चटई अंथरता येते तेवढी जागा. इमारत बांधून विकणाऱ्याने चटई क्षेत्रच सांगितले पाहिजे असे २०१६ च्या रेरा कायद्याने ठरवून दिले आहे. पण भाड्याच्या गाळ्यांच्या बाजारात अजून जुनेच तोंडी माप चालते. म्हणून भाड्याची गोष्ट काढण्याआधी टेप काढावी. ते आपल्याला अवघड नाही. पडद्याचे कापड घेताना आपण खिडकी मोजूनच जातो.

तिसरा धडा असा, की रिकामी जागा डोळ्याला फसवते. रिकामी खोली कधी लहान वाटते, कधी मोठी. दुसऱ्या वेळी गाळा पाहायला गेलो तेव्हा मी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बरोबर नेला. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद असे कागद जोडून जमिनीवर टेबले मांडली. गाळ्याचा मालक आमच्याकडे पाहतच राहिला! पण त्या कागदांनी आम्हाला सगळे सांगितले. टेबलाची खोली दोन फूट. खुर्ची मागे सरकवून उठायला अडीच फूट. मागून दुसरी बाई जाईल त्या वाटेतला आपला वाटा एक फूट. असे साडेपाच फूट, गुणिले टेबलाची लांबी चार फूट, म्हणजे एका बाईला बावीस फूट जागा. यापेक्षा कमी केले तर एकीची खुर्ची दुसरीच्या पाठीला लागते, आणि मग दिवसभर "जरा सरकता का" एवढेच ऐकू येते.

पण बारा बायका म्हणून बारा गुणिले बावीस, दोनशे चौसष्ट फुटांची खोली घेतली तर फसगत होते. पंगतीत वाढप्याची वाट असते तशी इथेही लागते. शौचालयाला पंचवीस फूट. चहाच्या ओट्याला पंचवीस. चपला, कपाट आणि दार उघडायला मिळून पंचेचाळीस. फोनवर बोलायला एक आडोसा, त्याचे वीस. आणि मधली मोठी वाट सत्तर-एक फुटांची. असे सगळे मिळून साडेचारशे फूट झाले. आपली आजची खोली बरोबर तेवढीच आहे, दलालाच्या भाषेत साडेसहाशे! म्हणजे माणशी सदतीस-अडतीस फूट पडले. तोशीस लागत नाही, पण चैनही नाही. आधीच्या हॉलमध्ये आठ जणी असताना हेच माप माणशी एकशे पस्तीस फूट पडत होते. रिकाम्या फुटांचेही भाडे भरावे लागते, आणि त्यांना पंखे, दिवे, गारव्याचे यंत्रही लागते. दीड टनाचे एक यंत्र साधारण दीडशे-पावणेदोनशे फुटांच्या खोलीला पुरते. त्यावरून मोठ्या हॉलला किती यंत्रे लागतील आणि विजेचे बिल काय येईल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. गाळ्याचा वीजदर घरच्या दरापेक्षा चढा असतो हेही ध्यानात ठेवावे.

त्या फोनच्या आडोशाबद्दल दोन शब्द बोलते. मला तो आधी फाजील लाड वाटला होता. वीस फुटांत जवळजवळ एक टेबल बसते! पण मुलींनी हट्ट धरला, आणि त्यांचे बरोबर होते. एकजण मोठ्याने बोलू लागली की अकराजणींचे काम थांबते. जिथे कामे बोलण्याची आहेत तिथे टेबल एक कमी चालेल, पण आडोसा पाहिजे.

चौथा धडा हिशेबाचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. जागा पाहिली की पहिला प्रश्न असा विचारावा, "किती जणींच्या पैशांत हिचा खर्च निघतो?" पहिल्या हॉलचा खर्च बेचाळीस हजार, शुल्क दीड हजार, म्हणजे अठ्ठावीस जणी लागत होत्या. आपल्याकडे होत्या चौदा. हा भागाकार सातवी शिकलेल्या बाईलाही येतो, पण उत्साहाच्या भरात आपण कोणीही तो केला नाही. आजच्या खोलीचे भाडे तेरा हजार आणि सुरुवातीला वरखर्च साडेसहा, मिळून साडेएकोणीस हजार. तेराजणींत खर्च निघत होता, आणि जुन्या चौदापैकी तेराजणींनी आगाऊ पैसे हातात दिले, तेव्हाच आपण सही केली. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण मुलांना सांगतो. मी म्हणते, अंथरूण भाड्याने घ्यायचे असेल तर आधी पाय मोजावे.

जानेवारी २०२४ मध्ये ही खोली सुरू झाली. आज पूर्ण महिन्याच्या सोळा सभासद आहेत आणि निम्मा महिना येणाऱ्या, आठशे रुपये भरणाऱ्या आठ. जमा तीस हजार चारशे, खर्च आता एकवीस हजार. आजवर जुन्या नुकसानीपैकी सव्वा लाख रुपये भरून निघाले आहेत. त्रेचाळीस हजार बाकी आहेत. ते फिटेपर्यंत मला स्वस्थ झोप नाही.

भगिनींनो, एवढे ऐकून तुम्हाला वाटेल की ही बाई लहान जागेचाच हट्ट धरणार. तसे नाही. जागा लहान पडली तरी नुकसानच होते, आणि ते आपल्याला आता दिसू लागले आहे. गेल्या काही महिन्यांत सोमवारी आणि शुक्रवारी बाराही खुर्च्या भरतात आणि दोघी-तिघींना परत जावे लागते. मी दाराशी बसते, त्यामुळे "आज जागा नाही" हे सांगायचे काम माझ्याकडे येते. परवा एका मुलीची कामाची महत्त्वाची भेट होती. आडोशात दुसरी बोलत होती, म्हणून ती जिन्यात उभी राहून बोलली, आणि वरून पाण्याचा टँकर लावणाऱ्यांची आरडाओरड. ती काही बोलली नाही, पण पुढच्या महिन्यात तिने पैसे भरले नाहीत. आडोसा एकच ठेवला ही आपली कमतरता. तेव्हा जागा वाढवायला हवी यात दुमत नाही. केवढी वाढवायची, एवढाच प्रश्न आहे.

स्टेशनजवळच्या हॉलचे चटई क्षेत्र चौदाशे फूट आहे, मी स्वतः मोजून आले. हॉल सुंदर आहे, उजेड भरपूर आहे. भाडे पंचावन्न हजार, आणि वरखर्च वीस तरी होईल. पंचाहत्तर हजार भागिले दीड हजार, म्हणजे पन्नास पूर्ण सभासद लागतील. आपल्याकडे अर्ध्या-पूर्ण मिळून चोवीस आहेत. शिवाय मालक म्हणतात, दोन वर्षे सोडता येणार नाही. ज्या भगिनी त्या हॉलच्या बाजूने आहेत त्यांचे म्हणणे मी मनापासून ऐकले आहे. त्या म्हणतात, स्टेशनजवळ असल्यावर बाहेरच्या बायकाही येतील. येतीलही. पण येतील या शब्दावर मी एकदा चाळीस नावे लिहिली होती.

हा मोह आपल्यासारख्या साध्या बायकांनाच होतो असे नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१० साली सुरू झालेल्या वीवर्क या कंपनीने जगभर अशा कामाच्या जागा काढल्या. पुष्कळ वर्षांच्या कराराने मोठमोठ्या इमारती भाड्याने घ्यायच्या आणि महिन्याच्या बोलीवर येणाऱ्या गिऱ्हाइकांना टेबले द्यायची, असा तिचा धंदा. गिऱ्हाईक महिन्यात जाऊ शकते, भाडे मात्र वर्षानुवर्षे जात नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्या कंपनीला अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, आणि पुष्कळ जागा सोडल्यावर २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. एवढ्या शिकलेल्या लोकांचे हे झाले, तिथे आपण जपलेले बरे. आपल्या सभासदही महिन्याच्या बोलीवरच आहेत.

याउलट आपल्या जवळचे उदाहरण पाहा. १९५९ सालच्या मार्चमध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तीच आजची लिज्जत. तिसऱ्या वर्षी सभासद तीनशेच्या वर गेल्या आणि गच्ची पुरेना. तेव्हा त्यांनी तीनशे बायका लाटायला बसतील अशी मोठी जागा शोधली नाही. पीठ मळून प्रत्येकीच्या घरी द्यायचे, तिने घरी लाटायचे, आणि पापड वजनाला व बांधायला परत आणायचे, अशी व्यवस्था केली. कोणत्या कामाला सामाईक जागा हवी आणि कोणते काम घरी होऊ शकते, हे त्यांनी वेगळे करून पाहिले. आपणही पाहावे. एकट्याने वाचायचे-लिहायचे काम असेल तर मधल्या वारी या, बोलायचे काम असेल तर सोमवार-शुक्रवारची जागा आदल्या दिवशी सांगून ठेवा, एवढी शिस्त लावली तरी गर्दी काही प्रमाणात उतरेल. तिला एक पैसाही लागत नाही.

आणि त्याउपर माझी सूचना अशी. आपल्या खोलीला लागून दोनशे वीस फुटांचा गाळा रिकामा झाला आहे. मालक तोच, मधल्या भिंतीत दार पाडून द्यायला तो तयार आहे. वर्तमानपत्रे घेऊन मी तिथेही जाऊन आले! सहा टेबले बसतात, आणि पाच फूट बाय सहा फुटांची एक बंद खोली होते, जिच्यात दार लावून बोलता येईल. भाडे सात हजार, वरखर्च अडीच हजार. आजचा खर्च एकवीस आणि हे साडेनऊ, मिळून साडेतीस हजार. आपली आजची जमा तीस हजार चारशे. म्हणजे एकही नवी सभासद आली नाही तरी महिन्याला शंभर रुपयेच कमी पडतात. ते शंभर रुपये मी माझ्या भाजीच्या पैशांतून देईन, पण मला वाटते पहिल्याच महिन्यात दोन नव्या मुली ते फेडतील.

यात आपण थोडे गमावतो तेही कबूल करते. जुने त्रेचाळीस हजार फिटायला वेळ लागेल. जागा गल्लीत राहील, स्टेशनवरून दिसणार नाही. पण आपल्या बहुतेक सभासद पायी दहा-पंधरा मिनिटांवरून येतात. त्यांना स्टेशनपेक्षा घर जवळ हवे, चार वाजता शाळेत पोचायचे असते.

करारासंबंधी तीन गोष्टी सांगते आणि थांबते. भाडेकरार तोंडी किंवा नुसत्या कागदावर करू नये. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून त्याची नोंदणी करावी, असे महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातच आहे. दुसरे, सोडता येणार नाही ही मुदत जितकी कमी करून मिळेल तितकी मागावी. मागायला संकोच करू नये, भाजीवाल्याशी आपण दोन रुपयांसाठी बोलतोच. तिसरे, जागा कशासाठी वापरणार ते करारात स्पष्ट लिहावे आणि इमारतीच्या सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी, म्हणजे खुर्च्या आणल्यावर कोणी हरकत घेणार नाही.

भगिनींनो, मला स्वतःला लॅपटॉप चालवता येत नाही. मी दाराशी वही घेऊन बसते, चहा करते आणि कोणाचे दार वाजले तर उघडते. पण दुपारी बारा वाजता आत पाहिले की बाराजणी मान खाली घालून आपापले काम करत असतात, कोणाच्या मागे कुकर नाही, कोणी "आई, माझा मोजा कुठे आहे" असे विचारत नाही. माझी मुलगी तिसऱ्या टेबलावर असते. तांदळाच्या डब्यावरून ती त्या टेबलावर आली, एवढ्यासाठी मंडळाचे माझ्यावर उपकार आहेत. ते टेबल पुन्हा जाऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.

सर्वसाधारण सभेला येताना प्रत्येकीने आपले मत घेऊन यावे, माझे नको. ज्यांना मोठा हॉल योग्य वाटतो त्यांनी तो जरूर मांडावा. फक्त येताना दोन आकडे लिहून आणावेत: किती जणींच्या पैशांत तो निघतो, आणि त्यांपैकी किती जणींनी आज पैसे हातात दिले आहेत. हे दोन आकडे जुळले तर हॉलला पहिला हात मी वर करीन.